अण्णाची मुलाखत

११ मे १९३६

आमचे हेडमास्तर म्हणायचे, ज्याला चार माणसांपुढे तोंड उघडता येत नाही त्याने रोज वहीपुढे उघडावं. मला चार माणसांपुढेच काय, आमच्या म्हशीपुढेही धड बोलता येत नाही. म्हणून ही वही. पुढच्या महिन्यात बेळगावात डॉक्टरकीच्या शाळेची मुलाखत आहे आणि ती मला द्यायची आहे. खरं म्हणजे ती मुलाखत अण्णाची.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ रवळू. गेल्या महिन्यात गावात पटकी आली. पहाटे त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दिवेलागणीच्या आत तो गेला. आम्ही काही कमी केलं नाही. जाणती माणसं सांगतात ते सगळं पाळलं. कांदा ठेचून तळपायांना चोळला, गावदेवीला नारळ दिला, आणि त्याने कितीही मागितलं तरी पाण्याचा थेंब पोटात जाऊ दिला नाही. पटकीत पाणी दिलं की माणूस हाती लागत नाही म्हणतात. शेवटी शेवटी तो "शामू, पाणी" एवढंच म्हणत होता. धुणं पिळल्यासारखी त्याची बोटं झाली होती. उठू नये म्हणून मी त्याचे दोन्ही हात धरून बसलो होतो.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. आप्पा म्हणाले, "तुझी बैलजोडी इकणार न्हाय रं लेकरा." कावळा येईना. आई म्हणाली, "तुझ्या नावानं दरसाल जेवण घालीन." येईना. ऊन डोक्यावर आलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, तुझ्या जागी म्या डॉक्टर हुतो." आणि एक कावळा सरळ खाली आला.

वहिनीलाही बांगड्या उतरवायला नदीवर आणलं होतं. त्याच वेळी तीही पदराआड काहीतरी पुटपुटत होती. रडत असावी. तिच्याकडे बघायला कोणाला सवड होती!

सगळ्या गावाने मला बोलताना ऐकलं आहे. आता मी डॉक्टर झालो नाही तर अण्णा सुटायचा नाही. आणि मी असा, की घरात कोंबडं कापायचं झालं तर आधी परसाच्या पलीकडे जातो.

१४ मे

काल दुपारी झालं ते लिहू की नको असं करत आज लिहितो आहे.

आप्पा, आई आणि गडी शेणखत ओढायला शेतात गेले होते. माझं पोट दुखत होतं म्हणून मी मागे राहिलो. घरात कोणी नव्हतं. वहिनीने ताक आणून दिलं, ते पिऊन सोप्यात आडवा झालो. भर दुपारची वेळ, गावात कुत्रंही भुंकत नव्हतं. डोळा लागतो न लागतो तोच माळ्यावर आवाज आला. कोणीतरी वाचत होतं. हळू, घसा कोरडा पडलेल्या माणसासारखं.

"मनगटात लहान हाडं आठ." मग टक. पुन्हा, "मनगटात लहान हाडं आठ." टक.

अण्णाची पाठांतराची हीच तऱ्हा. एक वाक्य वाचायचं, बोटाच्या पेराने लाकडावर टक करायचं, मग तेच पुन्हा म्हणायचं. माळ्यावर त्याची पेटी आहे आणि पेटीत त्याची पुस्तकं आहेत. मी घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. घामाने भिजलो, पण हात बाहेर काढला नाही. बऱ्याच वेळाने धीर करून हाक मारली, "अण्णा?"

आवाज थांबला. पेटीचं झाकण मिटल्याचं ऐकू आलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि माझा हात धरून देव्हाऱ्याकडे घेऊन गेली.

१७ मे

आज सकाळच्या उजेडात माळ्यावर गेलो. जाताना मोठमोठ्याने खोकलो, म्हणजे कोणी असलं तर त्याला कळावं. पेटीत शरीरशास्त्राचं आणि रोगांचं जुनं मराठी पुस्तक आहे. खानापूरच्या दवाखान्यात अण्णा कंपाउंडरच्या हाताखाली होता, तिथून त्याने आणलं होतं. त्यात खुणेला मोरपीस असतं. अण्णा गेला तेव्हा पीस हाडांच्या धड्यात होतं, हे मला पक्कं आठवतं, कारण त्याने मला तो धडा शिकवायचा प्रयत्न केला होता आणि मी झोपलो होतो. आज पीस रक्ताच्या धड्यात आहे.

म्हणजे मेलेला माणूस अभ्यासात पुढे चालला आहे आणि जिवंत आहे तो पहिल्या धड्यावर! मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

१९ मे

विहिरीवर नव्या मास्तरांची बायको वर्तमानपत्र वाचत बसली होती, ते बघून आई तणतणत घरी आली. "वाचणाऱ्या बाईचा दादला टिकत न्हाय. माझ्या म्हायेरी दोन बघितल्यात म्या डोळ्यानं. नवऱ्याचं आयुष्य अक्षराला लावून खात्यात."

वहिनीच्या हातातून कळशी निसटली आणि सोपाभर पाणी झालं. आई तिलाही बोलली. वहिनी काही उलट बोलत नाही. मुळात ती बोलतच नाही. लग्न होऊन आली तेव्हा चांगली हसायची असं मला अंधूक आठवतं.

२२ मे

आज गोठ्यात दावं आणायला गेलो होतो. दुपारच झाली होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि तसाच थांबलो.

सारवलेल्या भुईवर पांढऱ्या राखेने एक हात काढला होता. माणसाचा हात, पण कातडी काढलेला. सगळी हाडं सुटी सुटी, बोटं दाराकडे केलेली. वारा नव्हता. म्हैस कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, एरवी ती असलं काही पायाखाली घेतल्याशिवाय राहत नाही. पळून जावंसं वाटलं, पण पळालो नाही. अण्णा मला समोर बसवून शिकवतो आहे, आता पळालो तर त्याला काय वाटेल? तिथेच उकिडवा बसलो आणि एकेक हाड मोजत नावं म्हणू लागलो.

वहिनी केरसुणी घेऊन आली. मला बघून ती दारातच गारठली.

"वैनी, बघ अण्णानं काय काढलंय," मी म्हणालो.

ती चित्राकडे बघत उभी राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "मनगटाचं एक हाड ऱ्हायलंय, भावजी."

मी मोजलं. खरंच सातच होती. अडाणी माणसाची नजर कधी कधी बरोबर जागी पडते. मी तिला म्हणालो, "आप्पांस्नी सांगू नगं." तिने मान हलवली आणि राखेचा हात केरसुणीने झाडून टाकला. तो मोडताना तिने बोटांपासून सुरुवात केली, हे मला बघवलं नाही.

२६ मे

आज आवाज नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं. वहिनी तापाने पडून आहे, त्यामुळे ताकही नाही.

३१ मे

आता मी भीत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण दुपार झाली की मी शिडीखाली पाट घेऊन बसतो. वरून आवाज येतो, मी हळूच मागे म्हणतो. एखादं वाक्य माझ्याकडून चुकलं तर वरचा आवाज थांबतो आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतो. अण्णा जिवंत होता तेव्हा एवढा धीराने शिकवत नव्हता. टपली मारायचा. मेल्यावर माणूस निवळत असेल.

वर जाऊन बघावं असं एकदाही मनात आलं नाही असं नाही. पण बघितलं आणि तिथे कोणी नसलं तर? आणि असलं तर?

४ जून

आज हे कसं लिहू!

आवाज नेहमीसारखा सुरू झाला. पटकीचा धडा होता. "पटकीत अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं." टक. "रोग्याला उकळून निवलेलं पाणी मीठ घालून वरचेवर पाजावं. पाणी तोडल्यास रोगी दगावतो."

टक झालं नाही. वाक्य पुन्हा म्हटलं गेलं नाही. मी वाट बघत बसलो. मग वरून हुंदका आला. तोंडात काहीतरी कोंबून रडावं तसा. मेलेली माणसं रडतात हे मला माहीत नव्हतं.

मी तिथेच पाटावर बसून राहिलो. त्याने पाणी मागितलं होतं आणि मी त्याचे हात धरले होते. एवढं साधं होतं? मीठ आणि पाणी? आमच्या घरात ह्यातलं काय नव्हतं? मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार कोणाला? आईला सांगितलं तर ती उभ्या उभ्या जाईल. तिने स्वतः घागर उचलून बाहेर ठेवली होती.

१३ जून

काल मुलाखत झाली. नीट सगळं लिहितो.

शाळा परगावी आहे, पण तिथली मंडळी मुलाखतीसाठी बेळगावात आली आहेत. कँपातल्या एका बंगल्यात टेबलामागे दोघं होती. एक म्हातारा गोरा साहेब आणि दुसऱ्या डॉक्टर जयाबाई. पांढरं नऊवारी लुगडं, नाकावर चष्मा, आवाज पुरुषासारखा. साहेबाने मोडक्या मराठीत हाडं विचारली, रक्त विचारलं. मी घडाघडा सांगितलं. माझं मलाच नवल वाटत होतं. जयाबाई साहेबाकडे बघून हसल्या. मग साहेबाने कपाटातून एक काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत एक हात होता. खरा.

पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा जयाबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या.

"डॉक्टरकी तुम्हाला झेपायची नाही," त्या म्हणाल्या, पण मायेने म्हणाल्या. "तयारी मात्र फार सुरेख आहे. कोणी शिकवलं?"

मला खोटं पटकन सुचत नाही. मी दुपारचा आवाज, मोरपीस, राखेचा हात, सगळं सांगितलं. साहेब मिशीत हसला. बाई हसल्या नाहीत.

"आवाज येतो तेव्हा घरात कोण असतं?"

"कोणी नसतं."

"कोणीच नाही?"

"वहिनी असते."

"मग कोणी नसतं असं का म्हणालात?"

मला प्रश्न समजला नाही. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपर्यंत आम्ही इथे आहोत. ज्याने तुम्हाला शिकवलं त्याला घेऊन या. त्याची मुलाखत मी घेईन."

आगगाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नापास झालो, पण अण्णाला बोलावणं आलं! कावळा शिवला तो माझ्यासाठी नव्हताच. अण्णाला स्वतःला जायचं आहे. फक्त त्याला न्यायचं कसं?

१५ जून

वहिनी परसात भांडी घासत होती, तिला सांगितलं. घरात अण्णाचं म्हणून ऐकून घेणारं दुसरं कोण आहे? ती राखेचे हात तसेच धरून म्हणाली, "त्या बाई काय म्हणल्या? परत सांगा." मी सांगितलं. "हाय तसं सांगा, भावजी." मी पुन्हा सांगितलं. ती कितीतरी वेळ बाईंचे शब्द ओठांत घोळवत राहिली. मग एवढंच म्हणाली, "न्यायला पायजे."

१७ जून

पिरनवाडीहून यल्लाप्पा देवऋषी आला होता. आप्पांनी त्याला अण्णाला बांधून टाकायला बोलावलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांपुढे तोंड उघडलं आणि म्हणालो, बांधायचं नाही, बेळगावला न्यायचं आहे, डॉक्टरांनी बोलावलं आहे. आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. यल्लाप्पा म्हणाला, "जमतंय की. नारळात बशिवतो. नारळ त्येच्या जाग्यावर पोचला की जीव मोकळा."

भर दुपारी सगळे माळ्यावर बसलो. ऊद घातला. यल्लाप्पाने पेटी उघडून पुस्तक काढलं आणि एकदम थांबला. त्याने पानांतून एक लांब केस ओढून काढला आणि उजेडात धरून आप्पांना दाखवला.

"ह्यो बाईचा केस हाय. पुस्तकाला बाईचा हात लागलाय. मारुतीराव, तुमच्या पोराला निस्त्या पटकीनं न्हाय खाल्लं."

आईची नजर सावकाश वळली आणि शिडीजवळ बसलेल्या वहिनीवर थांबली. तसली नजर मी आईच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. वहिनी भिंतीसारखी पांढरी झाली होती.

"माळा वैनीच झाडती," मी घाईने म्हणालो. "पुस्तकावरची धूळ पुसाय म्याच सांगितलंतं."

मी असं काही सांगितलं नव्हतं. का म्हणालो मला ठाऊक नाही. यल्लाप्पाचं तोंड मला आवडलं नाही, एवढंच. वर मी लिहिलं आहे की मला खोटं सुचत नाही, ते आज खोटं ठरलं.

"पुसणं येगळं आणि वाचणं येगळं," यल्लाप्पा म्हणाला, पण केस त्याने टाकून दिला. मंत्र म्हणून नारळ लाल कापडात बांधला. "ज्येच्यात मयताचा जीव अडकलाय त्येनंच ह्यो धरायचा. जाग्यावर पोचंपतूर बोलायचं न्हाय आणि भुईला टेकवायचा न्हाय."

"म्या आय हाय. म्या धरती," आई म्हणाली.

"मी धरते."

आप्पांच्या समोर वहिनी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. तिने दोन्ही हात पुढे केले होते. यल्लाप्पाने तिच्या हातात नारळ ठेवला तेव्हा तो आतून डुचमळला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. आप्पांनी हात जोडले.

१९ जून, बेळगाव

डोकं ठिकाणावर नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी गुंजी स्टेशनात गाडीत बसलो. वहिनीच्या मांडीवर लाल कापडातला नारळ. तो बघून बाकावरची माणसं एकेक करून उठून गेली. गाडी हिसका द्यायची तसा नारळात पाण्याचा आवाज व्हायचा, कोणीतरी घोट घेतो आहे असा. एक तान्हं मूल आमच्याकडे बघून जे रडायला लागलं ते देसूर स्टेशनापर्यंत थांबलं नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती. आज पहाटेपासून ती मला ओळखीची वाटत नव्हती.

बंगल्यात साहेबाने नारळ पाहिला आणि विचारलं, "हा मॅट्रिक झाला आहे काय?" जयाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. मग त्या स्वतः उठल्या, एक खुर्ची ओढली आणि वहिनीला म्हणाल्या, "बसा."

वहिनी कधी खुर्चीवर बसली नव्हती. ती कडेवर टेकली. नारळ टेबलावर ठेवला.

"तिला बोलायचं नाही," मी सांगितलं. "नेम मोडता येत नाही."

"आता जागेवर पोचलात ना? आणि मी नारळाला विचारते," बाई म्हणाल्या. "ज्याला उत्तर येईल त्याने द्यावं." आणि खरोखरच नारळाकडे बघून त्यांनी विचारलं, "मनगटात हाडं किती?"

खोलीतला पंखा ओढणारा बाहेर बसला होता, त्याच्या दोरीची करकर तेवढी चालली होती. मग आवाज आला. तोच. दुपारचा, माळ्यावरचा, कोरड्या घशाचा. माझ्या अगदी शेजारून.

"मनगटात लहान हाडं आठ."

आणि टेबलावर टक.

मान वळवायचं धाडस होईना. बाई विचारत गेल्या, आवाज सांगत गेला. हृदयाचे कप्पे. नाडी कुठे कुठे लागते. ताप कसला कसा ओळखावा. प्रत्येक उत्तरानंतर टक. मी टेबलावर बघितलं. वहिनीच्या हाताचं पेर होतं. मी मनात म्हणालो, अण्णा तिच्या अंगात आला. मी मनात त्याला नमस्कारही केला. साहेबाने पुन्हा ती बरणी आणून ठेवली. मी डोळे मिटून घेतले. बाजूने आवाज आला, "ह्यो डावा हात हाय. बाईमाणसाचा."

"डॉक्टर का व्हायचं आहे?" बाईंनी विचारलं.

मी डोळे उघडले. वहिनीने डोक्यावरचा पदर मागे सारला होता. आणि आता जो आवाज आला तो माळ्यावरचा नव्हता. मला रोज ताक आणून देते तिचा होता.

"त्यास्नी पटकी झाली तवा मला ठावं हुतं पाणी द्यायचं. त्यांनीच मला वाचाय शिकवलंतं, चोरून, कुणाला कळू न देता. त्यो धडा आमी दोघांनी संगं वाचलाता. मी चुलीवर पाणी उकळलं. मीठ घातलं. निवाय ठेवलं. ते आतनं मागतेत, मला ऐकाय येतंय. पर नेऊन दिलं असतं तर समद्यांनी इचारलं असतं, तुला कसं ठावं? मी फुकणी धरून बसले. त्यांचा आवाज बंद हुईपतूर बसले." तिने बाईंकडे बघितलं. "म्हणून व्हायचंय."

साहेब खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मला सगळं एकदम कळलं असं नाही. थोडं थोडं कळत गेलं, आणि एकेक कळलं की खुर्ची धरावी लागत होती. मोरपीस. ती तापाने पडली तो दिवस. मग हे कळलं की ती पाणी घेऊन आली असती तरी मी ते तिच्या हातातून उडवून दिलं असतं. त्याचे हात माझ्याच हातांत होते. हे मला आता जन्मभर पुरेल.

"मॅट्रिक नाही, इंग्रजी नाही," जयाबाई साहेबाला म्हणाल्या. "पहिली दोन-तीन वर्षं नर्सच्या वर्गात राहील. इंग्रजी मी शिकवीन, परीक्षेला बसवीन. मग डॉक्टरकीच्या वर्गात घ्यायची. माझ्या जबाबदारीवर." साहेबाने मान हलवली. बाईंनी टाक उचलला. "नाव?"

मी सवयीने तोंड उघडलं आणि "रवळू" म्हणणार होतो.

"मालू," वहिनी म्हणाली.

ती बाईंकडेच राहिली. उद्या पहाटे त्यांच्याबरोबर जाईल. निघताना मला म्हणाली, "भावजी, घरी काय सांगशिला?" मी म्हणालो बघतो. तिच्या पाया पडावं असं वाटलं, पण पडलो नाही, भलतंच अवघडलो होतो.

काम झालेला नारळ जवळच्या तळ्यात सोडायला मी एकटाच गेलो. सोडताना सहज हलवून बघितला. आवाज झाला नाही. पुन्हा हलवला. कापड सोडून सगळीकडून पाहिला, कुठे चीर नाही, डोळे शाबूत. आत पाण्याचा थेंब नव्हता. सकाळी गाडीत तो माझ्या कानाशी डुचमळत होता. मी तो तळ्यात सोडला आणि मागे न बघता धर्मशाळेपर्यंत पळत आलो.

२१ जून

आप्पा स्टेशनवर येऊन बसले होते. घरी आईने पायांवर पाणी घातलं आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वहिनी कुठे म्हणून कोणी विचारलं नाही.

खरं सांगायचं असं मी गाडीत ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि आईची माळ्यावरची ती नजर आठवली.

"अण्णा पास झाला," मी म्हणालो.

आप्पा मटकन जोत्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी पुढे सांगितलं की अण्णाला नारळात राहायचं नव्हतं, तो वहिनीच्या अंगात गेला आहे, डॉक्टरकी पुरी होईपर्यंत निघणार नाही, तोवर तिला तिथेच राहावं लागेल, त्याच्याबरोबर वाचावंही लागेल. सांगताना माझा आवाज जराही अडकला नाही. कसला खोटारडा होतो आहे मी! मला वाटलं होतं आई आकांत करेल. तिने पदर पसरून देवाला नमस्कार केला.

"ऱ्हाऊ दे तिला किती बी वर्सं. माझा ल्योक शिकतोय."

आप्पांनी डोळे पुसले. "त्येला म्हणावं, सुट्टी पडली की घरला येऊन जा."

मग आईने चूल पेटवली. आज तिचे हात थांबतच नव्हते. अण्णाला कारळ्याची चटणी लागते, ती कुटली. अण्णाला तिळाची भाकरी लागते, ती थापली. कैरीचं लोणचं काढलं, गुळाची ढेप फोडली. मी पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे. गाठोडं बांधता बांधता मी म्हणालो, "आई, वैनीसाठी बी कायतरी घाल की."

"घालते की. त्येच्या जिवाला सांभाळतीया ती." आईने हात थांबवला. "काय आवडतं रं तिला?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी आईकडे बघितलं. तीन वर्षं ती आमच्या घरात रांधत होती, आणि तिला काय आवडतं ते आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही.